जगबुडीचा दलाल

माझ्या कपाटात एक पुस्तक आहे. त्याच्या प्रस्तावनेच्या शेवटी, छापखान्याचे आभार मानण्याच्या जरा आधी, एक वाक्य आहे: "शारजा येथील एका जुने फर्निचर विकणाऱ्या शेजाऱ्याशी झालेल्या गप्पांचाही उपयोग झाला."

तो शेजारी मी. 'गप्पा' हा शब्द मला मान्य नाही. 'उपयोग झाला' हे तर मुळीच नाही, कारण त्या पुस्तकाचं सातवं प्रकरण माझं आहे. आणि 'एका' म्हणजे काय? शारजातल्या अल नहदा भागातल्या त्या टॉवरमध्ये आमच्या मजल्यावर मराठी घरं दोनच होती, भिंतीला भिंत लागून, चार वर्षं. मी रागाच्या भरात ठरवलं की त्यांनी माझं नाव घातलं नाही, तर मीही त्यांचं घालणार नाही. मग कोणाचंच घालायला नको वाटलं. तेव्हा इथे कोणालाही नाव नाही.

मी वसईकडचा ख्रिस्ती, हाडाचा सुतार. शारजात आलो तो पॅकिंगच्या कंपनीत लाकडी खोकी ठोकायला. पुढे इंडस्ट्रियल एरियात स्वतःचं दुकान टाकलं. घर सोडून जाणाऱ्यांचं सामान विकत घ्यायचं आणि नवीन आलेल्यांना विकायचं. यात माझी कारागिरी लाकडात नाही, चेहऱ्यात आहे. दुसऱ्याच्या सोफ्याकडे मी असं बघतो की मालकाला त्या सोफ्याची लाज वाटू लागते. माझा राग मोठा आहे हे मी नाकारत नाही. बायको म्हणते, माझं भांडण लिफ्टबरोबर वर येतं, प्रत्येक मजल्याला थोडं थोडं कळतं.

शेजारचे सर पुण्याचे. कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले आणि बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आलेले. मुलगा दुबईत एका बांधकाम कंपनीत इंजिनियर. तो आणि सून सकाळी कामावर गेले की सर दिवसभर पुस्तकांत. त्यांचा विषय होता पोर्तुगीज अमलात आपल्या किनाऱ्यावर आलेले पाद्री. सगळे नव्हेत, त्यांतले ते अनवाणी हिंडणारे, जाड्याभरड्या झग्याचे, कमरेला गाठी मारलेली दोरी बांधणारे. सर त्यांना फ्रायर म्हणत. मी दोरीवाले म्हणायचो.

मी वसईचा हे कळलं तेव्हा सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी एखाद्याच्या घरातल्या जुन्या शिसवी कपाटाकडे पाहतो.

"शेठ, तुमच्या पूर्वजांना ज्यांनी बाप्तिस्मा दिला, त्यांच्यातल्या पुष्कळांना वाटत होतं की जग आता संपणार आहे."

"सगळेच पाद्री म्हणतात ते. आमचेही म्हणतात, दर ॲडव्हेंटला, नाताळच्या आधी."

"तसं नाही हो. म्हणजे खरंच आता. त्यांच्या हयातीत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या मंडळींच्या मते जगाचे तीन काळ. एक कायद्याचा, एक चर्चचा, आणि तिसरा, शेवटचा, पवित्र आत्म्याचा. तो तिसरा काळ गरीब अनवाणी संन्याशांचा असणार होता, म्हणजे त्यांचाच. त्यात समुद्रापलीकडे नवे देश सापडले. त्यांना वाटलं, देवाने ही माणसं अखेरच्या घटकेसाठी राखून ठेवली होती. ती पदरात पडली की यादी पुरी, मग निवाडा. मेक्सिकोकडच्या दोरीवाल्यांनी हे उघड लिहून ठेवलंय. आपल्याकडच्यांनी कमी लिहिलं. त्यांनाही तसंच वाटत होतं का, हा सरांचा प्रश्न. त्यावर त्यांची बारा वर्षं गेली होती.

"त्यामुळे घाई," सर म्हणाले. "एका सकाळी अख्खं गाव. हात भरून यायचे पाणी ओतून ओतून. शिकवायला वेळ नाही. कधीकधी तर पुरुषांच्या एका रांगेला एकच नाव देऊन टाकायचे, बायकांच्या रांगेला दुसरं."

आमच्या आळीत एक नाव घेऊन हाक मारली तर पाच जण ओ देतात. ती भक्ती आहे असं मी पन्नाशी गाठेपर्यंत समजत होतो.

मग २००८ उजाडलं, आणि ते संपता संपता मंदी आली, माणसं देश सोडून जाऊ लागली. आधी कोणाची तरी नोकरी गेल्याचं कानावर यायचं, मग आठवड्याला एक फोन, मग दिवसाला तीन. व्हिसा कॅन्सल झाला की महिनाभरात घर रिकामं करायचं. मी जायचो, पाणी मागायचो, पाणी पिऊन झालं की ग्लास खाली ठेवायचो आणि छताकडे बघायचो. मग सावकाश म्हणायचो, "मॅडम, सहा महिन्यांत इथे सगळी वाळू असणार." त्यानंतर किंमत सांगायचो. ती किंमत मान्य व्हायची. वस्तूंवर मी नंबरांचे पिवळे स्टिकर चिकटवायचो. लॉट एक, लॉट दोन. लग्नात मिळालेलं कपाट, पोराचा पाळणा, देव्हाऱ्याचा स्टँड, सगळं एका दुपारी. रांगेत उभं करायचं आणि नंबर द्यायचा. सरांनी ते स्टिकर एकदा पाहिले आणि काही बोलले नाहीत. तेव्हा मला वाटलं, त्यांना काही सुचलं नसेल.

आता कबूल करायची गोष्ट ही की ते वाक्य मी माल स्वस्तात पाडायला तयार केलं होतं. पण दिवसातून पाच-सहा वेळा तेच बोललं की कान आपलेच असतात. नाताळपर्यंत मी स्वतःचं गिऱ्हाईक झालो.

मला खुणा दिसू लागल्या. आमच्या बाल्कनीतून दुबईच्या बाजूला नऊ क्रेन दिसायच्या. मी रोज चहा घेताना बघायचो, एकही वळत नसे. मुलीची स्कूलबस अर्धी रिकामी यायची. सगळ्यात भयंकर म्हणजे पार्किंग. अल नहदात संध्याकाळी सात वाजता बिल्डिंगखाली गाडी लावायला जागा मिळाली, तीही दोन. मी गाडीत बसून राहिलो, उतरवेना. आणि एका सकाळी शारजाहून दुबईला वीस मिनिटांत पोचलो. ज्या रस्त्याने दीड तास लागायचा, जिथे मी हजारदा हॉर्नवर हात ठेवून लोकांच्या खानदानाबद्दल बोललो होतो, तो रस्ता मोकळा. दोरीवाल्यांना म्हणे धूमकेतू दिसायचे.

घरी मी जाहीर केलं, "खलास. फेब्रुवारीत गाशा गुंडाळायचा."

बायको सरकारी हॉस्पिटलात नर्स. ती युनिफॉर्मला इस्त्री करत होती. "बरं," म्हणाली आणि कॉलर उलटी केली.

मुलगी दहावीत. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. हे मला माहीत होतं, पण मला माहीत असलेल्या गोष्टींत ते तेव्हा बरंच खाली होतं.

तेवढ्यात जानेवारीत सरांच्या मुलाचीही नोकरी गेली. सर मला भेटायला आले आणि आमच्यात एक सौदा झाला. त्यांची पुस्तकं पुण्याला पाठवायची होती, पक्की बांधलेली सहा खोकी. माझ्या ओळखीच्या कार्गोवाल्याच्या कंटेनरमधून ती जातील, सरांनी एक पैसा द्यायचा नाही. बदल्यात जाईपर्यंत रोज संध्याकाळी मुलीचा अभ्यास घ्यायचा. मुळात हा सौदा बायकोने सुचवलेला, मी फक्त घासला.

"गणितही घ्या."

"गणित माझा विषय नाही हो."

"मग तीन खोकीच जमतील."

सर हसले. "इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र. सहा खोकी."

"आणि मराठी."

"तिला मराठी नाहीये परीक्षेला."

"परीक्षेला नाही, मला हवंय," मी म्हणालो. ते मान्य झालं. मी खूष होतो. जी परीक्षा मी तिला देऊच देणार नव्हतो, तिच्या शिकवणीसाठी मी घासाघीस करून आलो होतो. हे माझ्या लक्षात आलं नाही. बायकोच्या आलं असणार.

पुढच्या आठवड्यात मी घरचं सामान काढलं. माझ्याच दुकानात ते ठेवलं असतं तर मी चाललो अशी बोंब झाली असती आणि भाव कोसळला असता. म्हणून रत्नागिरीच्या एका व्यापाऱ्याला बोलावलं. हा माझा जुना प्रतिस्पर्धी, मला 'वसईवाले' म्हणतो. तो आला, सोफ्यावर बसला, पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर ग्लास खाली ठेवला आणि छताकडे बघितलं.

"वसईवाले, सच बोलू का? सहा महिन्यांत हितं सगळी वाळू असणार."

तेच वाक्य. मध्ये थांबायचीही जागा तीच. माझ्या हाताखालून सुटलेल्या कोणीतरी त्याला विकलं असावं. आणि मी, ज्याने ते बनवलं, मान हलवली. म्हणालो, "खरंय, भाई." आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्या बोलीला वस्तू दिली. तो उठताना जरा गोंधळला होता. दोनदा विचारलं, "नक्की ना? इन्शाल्ला नंतर भांडण नको."

दुपारी सोफा गेला, डायनिंग टेबल गेलं, मुलीचं अभ्यासाचं टेबल गेलं. ते मीच बनवलेलं होतं, ड्रॉवरला पितळी कडी लावलेली. संध्याकाळी ती शाळेतून आली. तिची पुस्तकं भिंतीशी जमिनीवर रांगेत लावलेली होती. मी नीट लावली होती, उंचीप्रमाणे.

"पप्पा, व्हेअर इज माय टेबल?"

"विकलं. आपण चाललोय ना."

"बट आय हॅव बोर्ड्स."

"तिकडे दे."

"सेंटर इथे आहे. इट डझन्ट वर्क लाइक दॅट."

"मग पुढच्या वर्षी दे. जग काय पळून जातंय का?"

हे मी म्हणालो. जग बुडतंय म्हणून घर रिकामं करणारा माणूस.

तिच्या दप्तरावर एक पिवळा स्टिकर चिकटला होता. मी चिकटवला नव्हता, जमिनीवरून लागला असेल. तिने तो काढला आणि माझ्या शर्टाच्या खिशावर लावला. "आय ॲम नॉट अ लॉट, पप्पा." एवढं बोलून शेजारी सरांकडे निघून गेली.

मी मागोमाग गेलो, स्टिकरसकट. सर जमिनीवर बसून खोकी भरत होते. मुलगी एका भरलेल्या खोक्यावर बसली होती, मांडीवर पुस्तक, डोळे माझ्यावर.

"बसा, शेठ."

"बसायला नाही आलो. तुम्ही काय भरवताय हिच्या डोक्यात?"

"फ्रेंच राज्यक्रांती. उद्या औद्योगिक." त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. "लॉट किती?"

"सर, मस्करी नको."

"मस्करी नाही. मी तिला आपल्या दोरीवाल्यांबद्दल सांगत होतो. ज्याला शेवटाची तारीख कळली, तो दुसऱ्याला शिकायला वेळ देत नाही. पाणी शिंपडलं की पुढचं गाव. कोणाला काय समजलं ते नंतर बघू, आणि नंतर तर नाहीच."

हे माझ्याबद्दल होतं हे मला लगेच कळलं. पण ते माझ्याबद्दल आहे असं मानलं असतं तर उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून मी ते पूर्वजांबद्दल आहे असं ठरवलं आणि आवाज चढवला.

"पुण्यात बसून तुम्ही आमच्या गावाबद्दल लिहिता. आमच्या चर्चची तुळई पाहिली आहे का तुम्ही?"

"नाही."

"मी खांदा लावून उतरवलीय. छप्पर दुरुस्तीला काढलं तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो, मिस्त्रीच्या हाताखाली. सागवान. माझ्या कवेत न मावणारं. आणि कुठे पीळ नाही, कुठे फट नाही, सांध्यात पटाशीचं पातं शिरेना. तुम्हाला माहीत आहे याचा अर्थ काय?"

"सांगा."

"ओलं सागवान वर चढवलं की दोन उन्हाळ्यांत पिळतं. सांधे उघडतात. लाकूड कापून सावलीत रचायचं, मध्ये पट्ट्या घालून हवा खेळती ठेवायची, मधून मधून फिरवायचं. आमचा मिस्त्री म्हणायचा, जाडीच्या इंचाला एक वर्ष. तेवढ्या तुळईला किती झाली मोजा. तुम्ही म्हणता यांना घाई होती. घाईवाल्याचं काम आहे का ते?"

सरांच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. "ती तुळई त्यांच्याच काळातली कशावरून?"

"मिस्त्री म्हणायचा. गाव म्हणतं."

"गावाचं मी तपासून घेईन." त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "इंचाला वर्ष. पट्ट्या कसल्या म्हणालात?"

मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, एका खोक्याच्या झाकणावर, कागद सगळे आत गेले होते. मला फार बरं वाटत होतं. भांडण जिंकल्यावर वाटतं तसं.

"म्हणजे," सर लिहिता लिहिता म्हणाले, "जो माणूस सकाळी गावोगाव सांगत फिरायचा की जग संपलं, तोच संध्याकाळी परत येऊन वीस वर्षांनी लागणारं लाकूड उलटून ठेवायचा."

"बरोबर."

"मग शेठ, तुम्ही फक्त सकाळची वेळ उचललीत. संध्याकाळचं काय?"

खोक्यावरून मुलगी हसली नाही. हसली असती तर मी ओरडू शकलो असतो. मी खिशावरचा स्टिकर काढायला लागलो, तो निघेना.

"मी विचार करतो," म्हणालो. आमच्या धंद्यात याचा अर्थ 'नाही' असा होतो. सरांना आमचा धंदा माहीत नव्हता, त्यांनी मान डोलावली.

घरी येऊन बायकोला सांगितलं, परीक्षा होईपर्यंत थांबू, तू हॉस्पिटलला राजीनामा मागे घेतो म्हणून कळव.

"कुठला राजीनामा?"

"दिला नाहीस?"

"मी रोज इस्त्री कसली करत होते?" ती म्हणाली. "आता सोफा नाही, तर त्या गादीवर बसा आणि भाजी निवडा."

टेबल परत आणायला गेलो. रत्नागिरीवाल्याने हात वर केले. "ते त्याच दिवशी गेलं, वसईवाले. कयामत आली तरी पोरांना टेबल लागतं." शुक्रवारी मिस्साला चर्चमध्ये गेलो तेव्हा तिथेही ही गोष्ट पोचलेली होती. एकाने विचारलं, तारीख पक्की झाली का, कारण त्याला ईएमआय भरायचा होता.

फेब्रुवारीत सर, त्यांचा मुलगा आणि सून पुण्याला गेले. सहा खोकी आमच्याकडे आली. मुलीने त्यांतली चार रचून टेबल केलं, एकावर ती बसायची, एक पायाखाली. जगाच्या अंताबद्दलची जेवढी म्हणून पुस्तकं शारजात असतील ती सगळी तिच्या वह्यांखाली होती. वरच्या झाकणावर सरांच्या अक्षरात 'इंचाला वर्ष' लिहिलेलं, त्याच्या बाजूला तिने भूमितीची प्रमेयं लिहिली.

मग कार्गोवाल्याचा फोन आला, कंटेनर भरला, खोकी आण. मी पुण्याला फोन लावला.

"सर, खोकी महिनाभर राहू द्या."

"अहो, माझं प्रकरण अडलंय. संदर्भ सगळे त्यातच आहेत."

"मुलगी त्यावर लिहिते."

माझ्याकडे दुसरी बोली तयार होती, विमानाने पाठवायची. ती करायची वेळ आली नाही.

"राहू द्या," ते म्हणाले. "उजवीकडच्या खोक्यात नकाशे आहेत. कोपर जपून टेकव म्हणावं."

पहिल्या पेपरच्या दिवशी मी तिला गाडीने नेलं. जॅम लागेल म्हणून लवकर निघालो आणि तासभर आधी पोचलो, रस्ता अजून मोकळाच होता. शाळेबाहेर गाडीत बसलो. ती वाचत होती. मी क्रेन बघत होतो, एकही हलत नव्हती.

"पप्पा, वेअर दे स्केअर्ड? द रोप पीपल?"

"असतील. जग बुडणार म्हटल्यावर."

"अँड दे स्टिल ड्राइड द वुड."

"हो."

तिने पुस्तक मिटलं. "यल्ला, निघते," म्हणाली आणि पट्टी-पेन घेऊन आत गेली. क्रेन तशाच होत्या. मी पेपर सुटेपर्यंत तिथेच थांबलो. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, घर रिकामं करायचंय, किती देणार. मी म्हणालो दुपारी येतो. दुपारी गेलो, पाणी प्यालो, छताकडे बघितलं आणि वाळूचं वाक्य न बोलता सरळ किंमत सांगितली. मला पंचवीस टक्के महाग पडली.

ती पास झाली. चांगली झाली. इतिहासात सगळ्यात जास्त, गणितात बरी, त्याला मी सरांनाच जबाबदार धरतो. खोकी एप्रिलमध्ये पुण्याला पोचली. जग संपलं नाही. आम्ही त्याच फ्लॅटमध्ये आहोत, नव्या सोफ्यासकट, जो मी रत्नागिरीवाल्याकडून घेतला आणि ज्यात त्याने मला चांगलंच कापलं.

काही वर्षांनी पुस्तक आलं. सातवं प्रकरण: लाकूड, छप्पर आणि अंतकाळ. त्यात सरांनी गावाचं म्हणणं तपासलं होतं. तुळई त्यांच्याच काळातली हे सिद्ध होत नाही, असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण ओलं आणि वाळलेलं सागवान, पट्ट्या, इंचाला वर्ष, सगळं होतं. शेवटही तोच: सकाळी शेवटाची घाई, संध्याकाळी वीस वर्षांची तयारी, दोन्ही एकाच माणसात खरी. आणि प्रस्तावनेत 'एका जुने फर्निचर विकणाऱ्या शेजाऱ्याशी'.

मी त्याच मिनिटाला पुण्याला फोन केला. नमस्कारही केला नाही.

"सर, एक अख्खं प्रकरण घेतलंत. नाव घालायला शाई संपली होती?"

"शेठ, मी घातलं होतं. आडनावासकट. शेजाऱ्याने सकाळी काय केलं आणि संध्याकाळी काय सांगितलं, सगळं सविस्तर."

"मग?"

"छापण्याआधी मजकूर तुमच्या मुलीला पाठवला होता. तिनेच नाव काढा म्हणून कळवलं."

"का?"

"ते तिला विचारा. मला एवढंच लिहिलं की, स्टिकर काढायला तुम्हाला खूप वेळ लागला होता, परत चिकटवायला नको."

मी फोन ठेवला. मुलगी आता अबुधाबीला एका बँकेत आहे, दर शुक्रवारी येते. त्या शुक्रवारीही आली. मी पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं होतं, बरोबर त्या पानावर. तिने ते उचललं, वाचलं, मिटलं आणि कपाटात ठेवलं. मग विचारलं, "पप्पा, चहा?"

मी काही विचारलं नाही. एवढी घसघशीत तक्रार होती आणि ती आता कोणाकडे करायची ते कळेना. सरांकडे करता येत नाही, तिच्याकडे तर नाहीच. म्हणून इथे लिहिली. चहा घेऊन तिला सोडायला खाली उतरलो तर बिल्डिंगसमोर गाड्यांच्या तीन रांगा, माझी मध्ये अडकलेली. ज्याने अडवली होती त्याला मी हॉर्न देऊन, वरच्या खिडक्यांकडे बघत, बराच वेळ मनसोक्त शिव्या दिल्या.

"फील बेटर?" मुलीने विचारलं.

"हो," मी म्हणालो.